एकुलतं पिल्लू दुसऱ्या कुत्रीच्या वेतात सोडावं का?

माडाखालची (फोंडा) – मंगळवार, रात्री १०.२०

नमस्कार. घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दीड महिन्यापूर्वी भर पावसात एक गावठी कुत्री आमच्या पडवीत येऊन बसली. आली तेव्हाच पोटुशी होती. तिचं नाव शेवती ठेवलं. दिवस भरले तरी कळा येईनात, म्हणून डॉक्टरांकडे नेली. सोनोग्राफीत दिसलं, पोटात एकच पिल्लू आणि तेही मोठं. रविवारी पहाटे सिझेरियन झालं आणि त्याच वेळी गर्भाशयही काढलं. पिल्लू नर आहे, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. जन्मतः ३४० ग्रॅम होतं, आज ३२५. शेवती त्याला चाटते, कुशीत घेते, पण दूध पुरत नसावं. ते लुचतं, सोडतं, कुरकुरतं, परत शोधत फिरतं.

आता प्रश्न. चार घरं सोडून भाताची जुनी गिरणी आहे. तिच्या पडवीत एका भटक्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत, आज सहा दिवसांची आहेत. कुत्री ओळखीची, तिला पेज-भात आम्हीच घालतो. सासूबाई म्हणतात, "पाचात सहावं खपून जाईल, एकटं वाढलं तर हेकट होईल." आमच्या ह्यांचं म्हणणं, जिवंत आईपासून लेकरू तोडायचं नाही. मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच झोप येत नाही. सोडू का तिकडे?

डिचोलीवाला – मंगळवार, रात्री १०.४१

सोडा. आमच्याकडे दोनदा केलंय, दोन्ही वेळा कुत्रीने हूं का चूं केलं नाही. शिवाय तिकडे चीक मिळेल, ताकद येईल. वजन उतरतंय म्हणजे वाट बघत बसायची वेळ नाही.

तळ्याकाठी (म्हापसा) – मंगळवार, रात्री ११.०५

ताई, घाई करू नका. माझ्या हातून झालेली चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वी म्हापशाच्या बाजारात साधारण तीन आठवड्यांचं एक पिल्लू भिजत पडलेलं दिसलं. घरी आमच्या राणीची चार पिल्लं तेवढीच होती. मी विचारच केला नाही, घरी आणलं, पुसलं आणि त्यांच्यात सोडलं. राणीने लगेच चाटून घेतलं, मला केवढा आनंद झाला! सहाव्या दिवशी त्या नव्या पिल्लाला रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि मग एकेक करत सगळ्यांना. पार्वो होता, पिल्लांना होणारा विषाणूचा साथीचा आजार. पाचांतली दोन वाचली. राणी पुढचे कितीतरी दिवस रिकाम्या टोपलीत तोंड घालून हुंगत असायची. ते मी विसरू शकत नाही.

कुत्री दुसऱ्याचं पिल्लू घेते, मायेत ती कमी पडत नाही. पण पिल्लासोबत काय येतं ते तिला कळत नाही, आणि आपल्यालाही डोळ्यांनी दिसत नाही. तुमच्याकडे तर दोन्ही आया लसीविना आहेत.

गुरांचा डॉक्टर (पेडणे) – मंगळवार, रात्री ११.३०

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला पशुवैद्य. गाई-म्हशीच जास्त केल्या, पण कुत्रीही पुष्कळ पाहिली. ताई, आज रात्री पिल्लू हलवू नका. का ते सांगतो.

पहिलं, ऊब. गोव्यात कसली थंडी, असं वाटतं. पण पावसात घरात २६-२७ अंश असतं आणि या वयाच्या पिल्लाला अंथरुणात २९ ते ३२ लागतं. पहिला आठवडाभर त्याला नीट कुडकुडताही येत नाही. पाच पिल्लं असली की एकमेकांवर रचून झोपतात आणि ऊब टिकते. याला ती सोय नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर त्याला सरकता येईल. मग तोंडात करंगळी घालून बघा. आत गार लागलं तर दूध देऊ नका, आधी सावकाश ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, पाजलेलं तसंच पडून राहतं.

दुसरं, दूध. कळा न येता सिझेरियन झालं की दूध दोन-तीन दिवस उशिरा उतरतं. तुमचा आज तिसरा दिवस. त्याला लुचू द्या, लुचल्यानेच पान्हा फुटतो. मागचे सड भरलेले असतात, तिथे तोंड लावून द्या. तोवर वरचं दूध लागेल, पण गाईचं नको आणि पाणी घालून तर मुळीच नको. कुत्रीच्या दुधाच्या मानाने गाईच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश निम्म्याहून कमी, साखर मात्र जास्त. औषधाच्या दुकानात पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती आणा. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी साधारण ४ मिली, म्हणजे याला १२-१३ मिली. आईचं पिऊन झाल्यावर भूक राहील तेवढंच. दर अडीच-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पोटावर पालथं ठेवून पाजा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

डिचोलीवाले भाऊ, चिकाचं सांगतो. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या रक्तात उतरतात ती पहिल्या दिवसापुरती, त्यानंतर आतडं ती वाट बंद करतं. शिवाय त्या गिरणीवालीला सहा दिवस झाले, तिचा चीक केव्हाच सरला. तेव्हा त्यासाठी पिल्लू तिकडे नेण्यात अर्थ नाही.

उद्या सकाळी, दुपारी, रात्री वजन करा. वाढलं तर इथेच ठेवा. अजून उतरलं तर माझं मत बदलेल.

माडाखालची – बुधवार, सकाळी ६.५०

डॉक्टरकाका, करंगळी घातली तेव्हा आत गारच लागलं हो. मला वाटत होतं की ते भुकेने रडतंय. बाटली ठेवली, वर जुन्या लुगड्याची घडी. तासाभराने ते पसरून झोपलं आणि झोपेत पाय झटकायला लागलं. पहाटे चारला मागच्या सडाला लावलं. पुढचे दोन्ही पंजे सडाच्या दोन बाजूंना आळीपाळीने दाबत होतं, कणीक मळावी तसं, आणि शेपटी ताठ. दहा मिनिटं सोडलं नाही. आत्ता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३२७.

दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही ना?

गुरांचा डॉक्टर (पेडणे) – बुधवार, सकाळी ७.१५

उतरणं थांबलं, हे फार आहे. झोपेत पाय झटकणं चांगलं लक्षण, निरोगी पिल्लं तशीच झोपतात.

शेवग्याची शेंग (मडगाव) – बुधवार, सकाळी ९.००

गर्भाशय काढल्यामुळे तर दूध आटलं नसेल? आमच्या शेजारी असंच म्हणत होते.

गुरांचा डॉक्टर (पेडणे) – बुधवार, सकाळी ९.४०

नाही. दूध आणणारं संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येतं, गर्भाशयातून नव्हे. सिझेरियनबरोबर नसबंदी केलेल्या कुत्र्या पिल्लांना व्यवस्थित पाजतात.

कुळागर (सावईवेरे) – बुधवार, सकाळी १०.१०

मला मात्र सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य दिसतं, आणि ते इथे कोणी नीट ऐकून घेतलेलं नाही.

आमचा भालू असाच एकटा वाढला. त्याच्या पाठची तीन भावंडं दुसऱ्याच दिवशी गेली. आई होती, दूध भरपूर होतं, कशाची ददात नव्हती. पण सात वर्षं झाली, त्याला चावा किती जोरात घ्यायचा ते अजून कळत नाही. दुष्ट नाही तो, खेळातच हात फोडतो. ताटलीला हात लावला की गुरगुरतो, कारण जन्मात कोणी त्याच्या तोंडचा सड ओढून घेतला नाही. चार पिल्लं असली की एक ढकलतं, दुसरं वर चढतं, सड सुटतो, परत शोधावा लागतो. चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतं. हे शिक्षण आई एकटी देऊ शकत नाही, माणूस तर नाहीच नाही.

म्हणून मी म्हणेन, भावंडं द्याच.

तळ्याकाठी (म्हापसा) – बुधवार, सकाळी १०.३२

कुळागर, भालूचं पटलं. पण ते शिक्षण चौथ्या दिवशी सुरू होतं का? आत्ता तर त्याचे डोळे-कान बंद आहेत.

गुरांचा डॉक्टर (पेडणे) – बुधवार, दुपारी १.००

तळ्याकाठी ताईंनी नेमकं बोट ठेवलं. इथे दोन वेगवेगळ्या गरजा एकत्र मिसळल्या जात आहेत. दूध आणि ऊब आज लागते, तासातासाला. सोबत लागते ती नंतर. डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात, कान त्याच सुमारास किंवा थोडे मागून. खरा खेळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतो. कुळागर सांगतात ते चावण्याचं शिक्षण चौथ्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत. सोबतीसाठी आज आईपासून तोडायची गरज नाही. आजचं आज, त्या वेळचं त्या वेळी.

आणि शेवतीचाही विचार करा. सिझेरियनचे टाके ओले आहेत, दूध उतरायच्या बेतात आहे. एकुलतं पिल्लू काढून घेतलं तर ते दूध साचून सड सुजतील, पू धरेल. आताही तोच धोका आहे, कारण एकटं पिल्लू दोनच सड रिकामे करतं. रोज हात फिरवून बघा, एखादा कडक, गरम, लालसर लागला तर लगेच डॉक्टरांकडे न्या. पिल्लाला प्रत्येक वेळी वेगळ्या सडाला लावा.

नारळीपुनव – बुधवार, दुपारी ३.२५

पण आधीच नसबंदी केली असती तर ही वेळच आली नसती. लोक दया म्हणून ठेवतात आणि मग पिल्लं रस्त्यावर.

माजघर (वाळपई) – बुधवार, दुपारी ३.५०

अहो, ती पोटुशीच आली होती, आणि सिझेरियनबरोबर नसबंदी झालीसुद्धा. वरचं वाचा ना. रागवायचंच असेल तर गिरणीवालीसाठी काहीतरी करू या.

नारळीपुनव – बुधवार, दुपारी ४.१०

वाचायचं राहिलं होतं, माफ करा ताई. गिरणीवालीची पिल्लं सुटी झाली की तिला आसगावच्या प्राणी केंद्रात नसबंदीला न्यायची जबाबदारी माझी, गाडी आहे माझ्याकडे. रेबीजच्या लशीचंही तेव्हाच बघू. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं ते गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचणाऱ्या पोरांमुळे. तो हिशेब मोडता कामा नये.

माजघर (वाळपई) – बुधवार, सायंकाळी ५.०५

माझी आई गोठ्यातल्या, अंगणातल्या सगळ्या जनावरांचं करायची. पिल्लू दुसरीला लावायची वेळ आलीच तर ती कशी करायची ते लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी त्या कुत्रीला खायला घालून बाहेर न्यायची. तिच्या पिल्लांखालचं गोणपाट नव्या पिल्लाच्या अंगाला चोळायचं, तिचंच थोडं दूध पाठीवर लावायचं आणि त्याला ढिगाऱ्याच्या मध्ये ठेवायचं. अर्ध्या तासाने कुत्रीला आत सोडायचं आणि आपण गप्प बसून बघायचं. चाटलं, नाकाने कुशीत ओढलं, की झालं. अंग चोरलं किंवा गुरगुरली तर पिल्लू तिथून उचलायचं, उद्या बघू असं म्हणायचं नाही. पिल्लं वयाने आणि आकाराने जवळपासची हवीत. मोठ्यांत बारकं टाकलं तर त्याला सड मिळत नाही.

एकदा आमच्या मांजरीने कुत्र्याचं पिल्लू पाजलं होतं. ते पुढे उंदरांवर दबा धरून बसायला शिकलं.

डिचोलीवाला – बुधवार, सायंकाळी ५.२०

मांजरीच्या पिल्लाला उंदीर सापडला का ते सांगा आधी!

माजघर (वाळपई) – बुधवार, सायंकाळी ५.२४

एकही नाही. पण बसायचं मात्र अगदी मांजरासारखं.

माडाखालची – गुरुवार, सकाळी ७.०५

३५० ग्रॅम!! काल रात्री शेवतीच्या मागच्या दोन्ही सडांतून दाबलं की पांढरी धार येत होती. वरचं दूध आता रात्री एकदाच. शी-शूसाठी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस फिरवत होते, ते कामही तिने स्वतःकडे घेतलं, चाटून सगळं साफ करते. सासूबाई आज म्हणाल्या, "आवयच ती, तिला कोण शिकवणार." म्हणजे आमच्या घरात एकमत झालं.

नाव सुचवा.

शेवग्याची शेंग (मडगाव) – गुरुवार, सकाळी ७.३०

उंडो! पोदेराच्या (पाववाल्याच्या) टोपलीतला गोल पाव. रंग तोच, आकारही लवकरच तसा होईल.

डिचोलीवाला – गुरुवार, सकाळी ७.४५

उंडोला माझं मत. मी सोडा म्हणालो होतो, ते मागे घेतो. आमच्याकडे दोन्ही वेळा आई मेलेली होती, एकदा हमरस्त्यावर गाडीखाली आणि एकदा विजेच्या तारेने. तिथे दुसरा मार्गच नव्हता. इथे आई आहे, हा फरक माझ्या ध्यानातच आला नाही.

माडाखालची – पुढच्या बुधवारी, रात्री ९.००

उंडो ५४० ग्रॅम. एक डोळा फटीएवढा उघडलाय. दिवसभर पितो आणि झोपतो.

गुरांचा डॉक्टर (पेडणे) – बुधवार, रात्री ९.३५

छान. आता उलटी काळजी. एकट्या पिल्लाला सगळं दूध मिळतं, ते जड होतं, आणि गुळगुळीत लाद्यांवर पाय फाकून बेडकासारखं सरपटायला लागतं. छाती चपटी होते. खाली लादी किंवा वर्तमानपत्र नको. खरखरीत टॉवेल किंवा गोणपाट ताणून बसवा, म्हणजे पंजा रुतेल. दिवसातून थोडा वेळ हातात घ्या, कूस पालटा, पिता पिता हलकेच सडावरून बाजूला करा आणि परत शोधू द्या. भावंडांनी केली असती ती धक्काबुक्की तुम्ही करा, मायेने. दोन आठवड्यांचा झाला की जंताचं औषध, वजनावर मोजून तुमच्या डॉक्टरांकडूनच. गोल जंत पोटात असतानाच येतात, आकडी जंत आईच्या दुधातून.

कुळागर (सावईवेरे) – बुधवार, रात्री १०.००

आणि माझा मूळ मुद्दा? चौथा आठवडा आला की विसरून जाऊ नका हं ताई. सगळे वजनातच रमलेत.

माडाखालची – साडेतीन आठवड्यांनंतर, रविवार

कुळागर, विसरले नाही. तुमचा भालू रोज डोळ्यांसमोर होता.

उंडो पाच आठवड्यांचा होत आलाय. गिरणीवालीची पाचही पिल्लं सुखरूप आहेत. दोन्हीकडे जंताचं औषध झालं. गेले दोन आठवडे कुणाला जुलाब नाहीत, उलटी नाही. डॉक्टर स्वतः येऊन सगळ्यांना बघून गेले. पहिली लस सहा आठवड्यांनंतर. तोवर ह्या दोन घरांपलीकडचं एकही कुत्रं नको असं बजावलंय. पार्वोचा धोका शून्य नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तळ्याकाठी ताई, तुमची राणी आठवून माझे पाय मागे येत होते. पण उंडो माझ्या मनगटाला असा लटकायला लागला होता की रक्त निघायचं. मी "आई गं" म्हटलं की त्याला वाटायचं, खेळ रंगलाय.

काल दुपारी त्याला गिरणीच्या पडवीत नेलं. शेवती बरोबर होती, गिरणीवाली खायला बाहेर गेलेली. उंडो आधी माझ्या पायामागे. मग एका काळ्या पिल्लाने येऊन त्याचं तोंड हुंगलं आणि सरळ त्याच्यावर चढलं. उंडोला आयुष्यात कोणी पाडलं नव्हतं, तो उताणाच राहिला, चारी पाय वर. उठला आणि त्याने काळीचा कान धरला, माझं मनगट धरतो तसाच, पूर्ण जोराने. ती इतकी मोठ्याने किंचाळली की शेवती उठून उभी राहिली. उंडोने कान सोडला. काळी पाठ फिरवून गेली आणि दुसऱ्यांशी खेळायला लागली. तो तिथेच बसून राहिला, एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. मी उचललं नाही. हे पुढे सरसावले होते, त्यांनाही थांबवलं.

थोड्या वेळाने तो सरपटत गेला आणि परत तोच कान धरला. या वेळी ती ओरडली नाही.

कुळागर (सावईवेरे) – रविवार, रात्री ८.१२

रोज न्या. आठ आठवडे होईपर्यंत रोज.

तळ्याकाठी (म्हापसा) – रविवार, रात्री ८.४०

राणीचं नाव काढलंत, बरं वाटलं. ती काळी कुणी मागितली आहे का? नसेल तर तिच्या दोन्ही लशी झाल्या की मला सांगा. माझ्या घरात टोपली रिकामी आहे.

नारळीपुनव – रविवार, रात्री ९.०५

गिरणीवालीच्या नसबंदीचं माझ्या लक्षात आहे. पिल्लांचं पिणं पूर्ण सुटलं की कळवा, गाडी घेऊन येतो.

माडाखालची – रविवार, रात्री ९.३०

काळी तुमचीच, तळ्याकाठी ताई. फक्त आठ आठवडे भरेपर्यंत ती उंडोला उसनी द्या.